हातमोजे घालून उघडेल असा बॉक्स: संरक्षणातल्या सीनियर हार्डवेअर इंजिनियरसाठी

मे महिना, राजस्थानातली रेंज, सकाळचे साडेआठ. सावलीतसुद्धा डोकं तापायला लागलं होतं. आमच्या बॉक्सची मेन्टेनेबिलिटी ट्रायल होती, म्हणजे ईएमईची, लष्कराच्या दुरुस्ती विभागाची, माणसं आपला बॉक्स खोलून बघतात, आतलं कार्ड बदलतात, परत बंद करतात आणि त्याला किती वेळ लागला ते लिहितात. समोर साताऱ्याकडचे एक हवालदार बसले होते. माझ्या बॉक्सच्या झाकणाला एम-३चे चोवीस स्क्रू होते. प्रत्येकाला एक स्प्रिंग वॉशर, एक साधा वॉशर. एकूण बहात्तर तुकडे. ते सगळे त्यांनी वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि कागद उलटला.

वाळूत वॉशर शोधता शोधता ते शांतपणे म्हणाले, "ताई, हे दिवसा उघडतंय. रात्री टॉर्च तोंडात धरून, हातमोजे घालून कोण उघडणार?"

माझ्याकडे उत्तर होतं. चोवीस स्क्रू मी उगाच दिले नव्हते. झाकणाखालचं ईएमआय गॅस्केट, म्हणजे विद्युतचुंबकीय गोंगाट आत कोंडणारी पट्टी, सगळीकडे सारखं दाबलं जावं, मधे फट राहून रेडिएशन बाहेर पडू नये, म्हणून दिले होते. हा गोंगाट मोजायच्या बंद खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये, तो बॉक्स पहिल्या फटक्यात पास झाला होता आणि त्याचा मला केवढा अभिमान. पण हे उत्तर त्या माणसाला द्यायची हिंमत झाली नाही. परत आल्यावर झाकणाची कड जाड केली, गॅस्केटसाठी खाच घेतली आणि सुटून खाली न पडणारे, झाकणातच अडकून राहणारे आठ स्क्रू बसवले. एवढ्याला चार महिने गेले, कारण ड्रॉइंग फ्रीज, म्हणजे मंजूर होऊन पक्कं, झालं होतं. त्यामुळे चेंबर पुन्हा, व्हायब्रेशन पुन्हा, सगळं पुन्हा.

तेव्हा माझ्या कार्डावर ‘सीनियर’ छापून तीन वर्षं झाली होती.

मी मूळची सांगलीची. एकोणीस वर्षं पुण्यात, त्यातली चौदा भोसरीच्या एका कंपनीत लष्करी वाहनांची इलेक्ट्रॉनिक्स करण्यात गेली: पॉवर सप्लाय, डिस्प्ले, कंट्रोल बॉक्स. क्षेपणास्त्रं, रडार हे माझं काम नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते जमिनीवरच्या, गाडीत बसणाऱ्या खोक्यांबद्दल आहे. ऑटोमोटिव्हमधून किंवा कन्झ्युमर प्रॉडक्टमधून या बाजूला येऊन ज्यांच्या हातात एकदम अख्खा बॉक्स आणि दोन-तीन पोरं दिली जातात, त्यांच्यासाठी.

पहिले दोन आठवडे स्कीमॅटिक उघडू नका

खरंच उघडू नका. हात शिवशिवतील. मॅनेजर विचारेल, "प्रोग्रेस काय?" तरी नाही.

त्या दोन आठवड्यांत एक्सेलचा एक तक्ता करायचा. डावीकडे ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमधलं एकेक वाक्य, शब्द न बदलता. त्याच्यापुढे चार रकाने: हे आपण पाळणार का, कशाने पाळणार, कसं सिद्ध करणार आणि कोणाला काय विचारायचं आहे. तिसऱ्या रकान्यात फक्त चारच शब्द चालतात: टेस्ट, गणित, तपासणी किंवा जुना पुरावा. ‘बघू’ हा शब्द चालत नाही. हाच तक्ता पुढे क्यूटीपी होतो, म्हणजे क्वालिफिकेशनच्या टेस्टचा आराखडा. तो डिझाइन झाल्यावर लिहायची पद्धत सर्रास आहे. लग्न लागल्यावर मुहूर्त बघण्यातला प्रकार.

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एक उदाहरण देते. स्पेसिफिकेशनमध्ये एक ओळ असते: ‘पॉवर इनपुट मिल-एसटीडी-१२७५ प्रमाणे’. बस. हे लष्करी गाड्यांच्या २८ व्होल्टच्या पुरवठ्याचं अमेरिकी स्टँडर्ड, पण रिव्हिजन कुठली? २००६ची डी असेल, तर इंजिन स्टार्ट करताना गाडीची २८ व्होल्टची लाइन सेकंदभर ६ व्होल्टपर्यंत खाली जाऊ शकते. २०१३ची ई असेल, तर १२ व्होल्टपर्यंत. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तुमचा बॉक्स ४० वॉटचा आहे आणि स्टार्टिंगला तो रिसेट होता कामा नये, असं समजा. कुणीतरी म्हणतं, कपॅसिटर टाकून एक सेकंद काढू. ४० वॉट गुणिले एक सेकंद म्हणजे ४० जूल. २८ व्होल्टवरून १० व्होल्टपर्यंत उतरताना तेवढी ऊर्जा द्यायची तर जवळपास १,१७,००० मायक्रोफॅरॅड लागतात. बॉक्सपेक्षा कपॅसिटर मोठा! म्हणजे ६ व्होल्टवर चालणारा कन्व्हर्टर घ्यावा लागणार. आणि तिथे इनपुटचा करंट दीड अँपियरवरून सात अँपियरच्या घरात जातो, म्हणून फिल्टरचा इंडक्टर, फ्यूज, ट्रॅक, कनेक्टरच्या पिना सगळं बदलतं. त्या एका अक्षराने अर्धा बोर्ड ठरतो.

तर ते अक्षर विचारा. लेखी विचारा. "सर, लेटेस्टच घ्या की" असं फोनवर उत्तर आलं, तर त्याच संध्याकाळी मेल टाका: ‘आज झालेल्या बोलण्यानुसार आम्ही अमुक रिव्हिजन धरत आहोत, हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.’ फोनवर बोललेला अधिकारी दोन वर्षांत बदलून जातो. नवे येतात ते कागद वाचतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

शंभर व्होल्ट, पन्नास मिलिसेकंद

इनपुट प्रोटेक्शनवर मी नव्या माणसाचा पाणउतारा न करता त्याची परीक्षा घेते. विचारते, ‘२८ व्होल्टवर १०० व्होल्टचा सर्ज येतो, ५० मिलिसेकंद टिकतो. काय लावशील?’ दहातले आठ म्हणतात, टीव्हीएस डायोड, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेऊन दाबणारा डायोड.

मग कागद पुढे करते. सोर्सचा रोध अर्धा ओहम. डायोड ४० व्होल्टला धरून ठेवतो असं समजू. उरले ६० व्होल्ट, भागिले अर्धा, म्हणजे १२० अँपियर. गुणिले ४० व्होल्ट, ४,८०० वॉट. पन्नास मिलिसेकंदांत २४० जूल. बाजारात ज्याला ‘१,५०० वॉटचा टीव्हीएस’ म्हणतात तो ते १,५०० वॉट एक-दीड मिलिसेकंदाच्या झटक्यासाठी सोसतो. ऊर्जेत मोजलं तर जेमतेम दोनेक जूल. दोन जूलवाल्याच्या डोक्यावर दोनशे चाळीस. डायोड शॉर्ट होईल, फ्यूज उडेल आणि चालत्या गाडीत डिस्प्ले काळा पडेल.

टीव्हीएस हवाच, पण तो मायक्रोसेकंदातल्या बारीक स्पाइकसाठी. लांब सर्ज अडवायला लाइनमध्ये सीरिजला मॉसफेट, म्हणजे स्विचसारखा ट्रान्झिस्टर, घालायचा. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेवर गेलं की तो स्वतः ताण घेतो किंवा सरळ लाइन तोडतो. तिथेही नुसतं ‘१५० व्होल्टचा मॉसफेट आहे’ म्हणून भागत नाही. डेटाशीटमधला सेफ ऑपरेटिंग एरियाचा, म्हणजे किती व्होल्ट आणि करंट किती वेळ सोसतो त्याचा, आलेख उघडायचा, त्यावर पट्टी ठेवून आपला बिंदू काढायचा आणि तो गरम डब्यात, ७० अंशांवर कुठे सरकतो ते बघायचं. आलेख बहुतेक वेळा २५ अंशांचा असतो. हे मला एका जळालेल्या बोर्डाने शिकवलं, कुठल्याही कोर्सने नाही.

आणखी एक, कारण इथे सगळेच फसतात. इनपुटला ५० व्होल्टचा १० मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला म्हणजे १० मायक्रोफॅरॅड मिळाले असं नाही. २८ व्होल्ट डीसी चढलं की त्या छोट्याशा एक्स-७-आर जातीच्या सिरॅमिकमध्ये निम्मेही उरत नाहीत अशी बरीच मॉडेल्स आहेत. फिल्टरचं गणित त्या उरलेल्या आकड्यावर करा. उत्पादकाच्या साइटवर वक्र असतो. तो छापून डिझाइन फाइलला लावा.

केबल आधी, बोर्ड नंतर

ईएमआयच्या चेंबरमध्ये मी आयुष्यातले जेवढे दिवस घालवले त्यातला मोठा भाग केबलींपायी गेला. बोर्डापायी फार कमी.

एक प्रसंग जसाच्या तसा सांगते. आरई-१०२ चालू होती, म्हणजे बॉक्समधून हवेत किती गोंगाट बाहेर पडतो ते एक मीटरवर अँटेना ठेवून बघायचं. १२५ मेगाहर्ट्झला आलेख मर्यादेच्या ८ डीबी वर उभा. रात्रीचे दहा. चेंबर शिफ्टवर भाड्याने घेतलेला, सकाळी दुसऱ्यांची पाळी. बरोबरच्या पोराने आधीच लॅपटॉप उघडून लेआउटमधल्या क्लॉकच्या लाइनी शोधायला घेतल्या होत्या. मी म्हटलं, लॅपटॉप बंद कर, आत जा, एकेक केबल काढत ये.

इथरनेटची केबल काढली आणि शिखर गायब झालं.

कनेक्टर ३८९९९ या लष्करी मालिकेचा, महागातला. केबल शील्डवाली, तीही महागातली. पण शील्डची जाळी पिळून, तिला वायर जोडून, ती वायर पाच सेंटिमीटरवरच्या स्क्रूला नेली होती. आम्ही याला पिगटेल म्हणतो. साध्या वायरीचं इंडक्टन्स ढोबळमानाने सेंटिमीटरला दहा नॅनोहेन्री. पाच सेंटिमीटर म्हणजे पन्नास. १२५ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा होतो ३९ ओहम. शील्डवरचा करंट चेसिसला जायला निघालेला आणि दारात ३९ ओहम. मग तो कशाला जाईल? तो केबलवरच राहतो, आणि दोन मीटरची केबल म्हणजे झकास अँटेना.

तांब्याची टेप घेतली, जाळी उलगडली, कनेक्टरच्या मागच्या बाजूला चहूबाजूंनी गुंडाळली, वरून पट्टी आवळली. ११ डीबीने खाली. परत आल्यावर ड्रॉइंगमध्ये जाळी पूर्ण गोल आवळणारा बॅकशेल घातला आणि हार्नेस बनवणाऱ्या काकांना शेजारी बसवून त्यांच्याच हाताने एक बनवून घेतला. बॅकशेल कसा आवळायचा याचा फोटो आता आमच्या प्रोसेस शीटमध्ये आहे. ‘३६० डिग्री टर्मिनेशन’ एवढं लिहून काही होत नाही. काकांनी ते वाचलं होतं आणि पिगटेल ३६० अंश फिरवून स्क्रूला लावली होती. चूक त्यांची नव्हती.

याच घराण्यातली दुसरी गोष्ट म्हणजे रंग. अॅल्युमिनियमचा डबा, त्याला अॅनोडायझिंग, वर ऑलिव्ह ग्रीन. दिसायला देखणा. अॅनोडायझिंग म्हणजे विजेसाठी भिंत. कनेक्टरच्या खाली, गॅस्केटच्या खाचेत, अर्थिंगच्या बोल्टभोवती रंगही नको आणि अॅनोडायझिंगही नको. तिथे वीज वाहू देणारा क्रोमेटचा थर हवा. ड्रॉइंगवर ती जागा रेघा मारून दाखवली नाही, तर पेंटवाला रंगवणारच. त्याला रंगवायचेच पैसे मिळतात. माल आला की आधी चार वायरींचा मिलिओहममीटर घ्या आणि कनेक्टरच्या कवचापासून अर्थ बोल्टपर्यंत मोजा. २.५ मिलिओहम हा बाँडिंगसाठी वर्षानुवर्षं चालत आलेला आकडा आहे. तुमच्याकडे २०० आले, तर चेंबरचं बुकिंग त्याच क्षणी रद्द करा, पैसे वाचतील.

म्हणून माझी पद्धत अशी: आधी कनेक्टर ठरवायचे, कुठली केबल कुठून निघेल ते डब्याच्या पुठ्ठ्याच्या नमुन्यावर लावून बघायचं, मग बोर्ड. पुठ्ठ्याचा नमुना थ्री-डी मॉडेलपेक्षा लवकर होतो. मोठे गोल कनेक्टर शेजारी शेजारी लावले की दोन बोटं आत जात नाहीत, हे स्क्रीनवर कधीच दिसत नाही. आणि सारखे दिसणारे दोन कनेक्टर असतील, तर त्यांची कीइंग, म्हणजे आतल्या खाचांची जागा, वेगळी घ्या. उलटा लावता येतो तो एक दिवस उलटा लागतोच.

उष्ण, थंड, उंच

यावर थोडक्यात, कारण जेएसएस ५५५५५ या आपल्या लष्करी स्टँडर्डमध्ये टेस्ट लिहिलेल्या आहेत आणि त्या वाचायला कुणाची मनाई नाही: उष्णता, थंडी, दमट हवा, धूळ, पाऊस, खारं पाणी, बुरशी, धक्के, कंपनं. गल्लत होते ती दोन टोकं एकत्र धरताना. हाच बॉक्स राजस्थानात जाणार, जिथे फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली, आणि हाच लडाखलाही जाणार. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. पंख्याने जी उष्णता पुण्यात निघते ती तिथे निघत नाही. म्हणून बंद डबा, आणि उष्णता बोर्डावरून धातूतून थेट भिंतीला. थंडीत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा आतला रोध कितीतरी पटीने वाढतो आणि तुमचा छानसा स्थिर सप्लाय डोलायला लागतो. डिस्प्लेवरचे आकडे आळसावतात. रात्रभर थंड चेंबरमध्ये ठेवून सकाळी एकदम स्विच मारायची टेस्ट स्वतः करा, लॅबवर सोडू नका. चालू ठेवलेला बॉक्स थंड करत नेला तर तो स्वतःच्या उष्णतेवर जगतो आणि सगळं आलबेल दिसतं.

धक्क्यांच्या टेबलावर जे जे उंच आणि जड असेल ते ते उखडतं. इंडक्टर, मोठे कपॅसिटर, उभे ट्रान्सफॉर्मर. त्यांना बुडाशी चिकटवायचं, आणि कुठे, किती, कुठल्या मालाने तेही ड्रॉइंगवर दाखवायचं.

पार्ट खरेदी हे तुमचंच काम आहे

ऑटोमोटिव्हमधून आलेल्यांना हे जड जातं. तिकडे खरेदी विभाग लाखाच्या आकड्यात ऑर्डर देतो. इथे आपली गरज वर्षाला साठ नग. डिस्ट्रिब्युटर फोनही उचलत नाही. आणि बॉक्स वीस वर्षं चालवायचा असतो, तर चिप सात वर्षांत बंद होते.

म्हणून बीओएमच्या, म्हणजे पार्टच्या यादीच्या, प्रत्येक ओळीला चार प्रश्न. उत्पादक हा पार्ट अजून किती वर्षं बनवणार? दुसरा पर्याय त्याच पायांवर बसतो का? कुठल्या देशात बनला? आणि परवाना लागतो का? काही अमेरिकी पार्टना कोण वापरणार आणि कशासाठी याचं प्रमाणपत्र मागतात. ते आठवडेच्या आठवडे खातं, म्हणून ऑर्डर लेआउटच्या आधी. देशाचा प्रश्नही आता साधा राहिलेला नाही. जुलै २०२०मध्ये जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या पुरवठादारांना सरकारी खरेदीत नोंदणीची अट आली. शिवाय डीएपी २०२० या संरक्षण खरेदीच्या नियमावलीने ‘बाय इंडियन-आयडीडीएम’, म्हणजे देशातच डिझाइन, विकास आणि उत्पादन झालेल्या मालाच्या, वर्गासाठी किमान ५० टक्के स्वदेशी घटकांची अट घातली. हा हिशेब अकाउंट्सवाले करतील असं वाटतं. ते तुमच्याकडेच येऊन विचारतात, "मॅडम, या ट्रान्सफॉर्मरचा कोअर कुठला?" आधीच लिहून ठेवा.

पार्ट मिळेनासा झाला की दलालाचा फोन येतो. ‘स्टॉकमध्ये आहेत, ओरिजिनल, उद्या पाठवतो.’ अमेरिकन सिनेटच्या समितीने २०१२ साली अहवाल दिला तेव्हा त्यांच्या लष्करी पुरवठ्यात बनावटीचा संशय असलेली सुमारे १,८०० प्रकरणं सापडली होती, पार्ट दहा लाखांहून जास्त. तिथली ही गत. आमच्याकडे एकदा अशीच ऑप-अँप चिपची रीळ आली. कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोन घेऊन एकाच्या पाठीवर चोळलं. बोळा काळा झाला आणि खाली दुसराच जुना नंबर. स्टोअरच्या काकांनी तो बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला टाचणीने लावला, अजून आहे. तेव्हापासून दलालाच्या मालाला अॅसिटोन, मायक्रोस्कोप आणि एक्स-रे यांच्याशिवाय जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची पावती, नाही, शेड्यूल किती का बोंबलेना. त्याहून चांगलं म्हणजे पार्ट बंद करण्याआधी उत्पादकाची ‘लास्ट टाइम बाय’ची नोटीस येते तेव्हाच पुढच्या पंधरा वर्षांचा माल घेऊन ठेवायचा. त्याचे पैसे मंजूर करून घ्यायला डायरेक्टरांसमोर भांडावं लागतं. हे भांडण सीनियरचं.

आणि कथील. मोबाइलवाल्यांनी शिसं सोडलं, म्हणून पार्टच्या पायांवर आता शुद्ध कथिलाचा मुलामा येतो. शुद्ध कथिलातून कालांतराने केसासारखे तंतू उगवतात आणि शेजारच्या पायाला टेकतात. १९९८ साली गॅलॅक्सी-४ हा उपग्रह बंद पडला, त्यामागे हेच तंतू धरले गेले. म्हणून मुलाम्यात किमान ३ टक्के शिसं मागतात, आणि सोल्डर ६३-३७चं, १८३ अंशांना वितळणारं. पण बीजीएचे, म्हणजे पायांऐवजी पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेल्या चिपचे, गोळे शिसेविरहित आले, तर ते वितळायला २१७ अंश लागतात. शिशाच्या सोल्डरच्या तापमानावर भट्टी लावली की गोळा वितळतच नाही, नुसता पेस्टमध्ये बसून राहतो. टेस्टमध्ये पास, गाडीत सहा महिन्यांनी फेल. असेंब्लीवाल्याला पार्टचा नुसता नंबर नव्हे, गोळ्याचा धातू विचारा.

कागद, इन्स्पेक्टर आणि ‘नाही’ म्हणणं

क्यूएचे, म्हणजे गुणवत्ता तपासणीचे, इन्स्पेक्टर येतात तेव्हा आमची पोरं पोलीस आल्यासारखी उभी राहतात. तसं करू नका. त्यांना ड्रॉइंग आणि बोर्ड यांत फरक दिसला की ते लिहिणार. त्यांचं कामच ते. बोर्डवर एक जम्पर, म्हणजे वरून जोडलेली वायर, असेल आणि तो ड्रॉइंगवर, ईसीएन म्हणजे बदलाच्या नोंदीच्या नंबरसकट असेल, तर अडचण येत नाही. ‘किरकोळ आहे, नंतर घालू’ असा जम्पर मात्र सगळी लॉट परत पाठवतो. किरकोळ बदलाचाही कागद त्याच दिवशी, त्याच हाताने. माझी जुनी सवय अशी की बदल का केला हे दोन ओळींत साध्या भाषेत लिहायचं. ‘आर-१४ ची किंमत बदलली’ हे सगळेच लिहितात. ‘थंडीत रिसेट लवकर सुटत होता म्हणून बदलली’ हे लिहिलं तर आठ वर्षांनी ती किंमत पुन्हा जुनी करायला निघालेला पोरगा थांबतो. एकदा तो पोरगा मीच होते.

‘नाही’ म्हणायची वेळ मार्चच्या आसपास येते. ट्रायलला बॉक्स पाठवायचा असतो, एनसीएनसी, म्हणजे आपल्याच खर्चाने, ऑर्डरची हमी नाही, आणि एक टेस्ट राहिलेली असते. सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात. अशा वेळी चिडून किंवा तत्त्वाने बोलू नका. काय राहिलं, त्याने काय बिघडू शकतं, किती दिवस लागतील, हे एका पानावर लिहून पुढे ठेवा. वाटल्यास दोन पर्याय द्या, पण सही मागा. मी तीनदा असं पान ठेवलं. दोनदा बॉक्स थांबला. तिसऱ्यांदा डायरेक्टरांनी सही करून पाठवला, तो रेंजवर बंद पडला, आणि ते पान कुणीही काढून दाखवलं नाही, मीही नाही. सगळ्यांना ते आठवत होतं, तेवढं पुरलं.

ज्युनियरचं रिव्ह्यू करताना स्कीमॅटिक स्वतः वाचू नका, त्यालाच वाचून दाखवायला सांगा. जिथे तो भरभर पुढे जातो तिथे थांबवा.

बाहेर काय बोलायचं

घरी मी ‘गाडीचे पॉवर सप्लाय करते’ एवढंच सांगते. आईला वाटतं रिक्षाचे. फोन गेटवर जमा करायची सवय लागते, सुट्टीच्या दिवशीही हात खिशात जाऊन थांबतो. बायोडेटात काय लिहायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. स्टँडर्ड लिहा, व्होल्टेज आणि वॉट लिहा, किती बोर्ड क्वालिफाय केले ते लिहा. कुठल्या गाडीसाठी, किती नग, कुठे बसवले, हे नको. लिंक्डइनवर एखादे ‘कन्सल्टंट’ गोड बोलून तुमच्या क्षेत्रावर चार पानं लिहायचे डॉलर देऊ करतात, तेव्हा उत्तर देऊ नका. तो मेसेज तसाच सिक्युरिटी ऑफिसरकडे द्या. शासकीय गुपितं कायदा १९२३चा आहे, पण म्हातारा झालेला नाही.

पगाराचं विचाराल तर चिप कंपनीतल्या माझ्या बॅचमेटना जास्त मिळतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तेही अडकतात, एवढंच समाधान.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात लोकरीचे जाड हातमोजे आहेत, लेह बाजारातून आणलेले. नव्या बॉक्सचा पहिला नमुना आला की डिझाइन करणाऱ्याला ते घालायला लावते, दिवे बंद करते आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ लावते. गेल्या महिन्यात एकाला कार्ड बदलायला अकरा मिनिटं लागली. अकराव्या मिनिटाला त्याच्या हातातून स्क्रू सुटला, फरशीवर वाजला आणि कपाटाखाली गेला. मी दिवा लावला नाही. तो गुडघ्यावर बसून चाचपत होता. थोड्या वेळाने अंधारातूनच म्हणाला, "मॅडम, झाकणाचं ड्रॉइंग अजून फ्रीज नाही ना?"